आधी पाणी, मग साबण

मुंबईत मशीद बंदरला उतरून वडगादीच्या दिशेने चालू लागलं की रसायनं, रंग आणि सुगंधी अर्कांची दुकानं लागतात. तिथे 'ॲसिड स्लरी' मागणाऱ्या गिऱ्हाइकाला पुढचं फारसं सांगावं लागत नाही. सोडा ॲश, मीठ, सिलिकेट, निळे-हिरवे दाणे, लिंबाच्या वासाची बाटली अशी यादी दुकानदार आपणहून करायला घेतो. काकवीसारखी दाट, काळपट तपकिरी आणि हाताला लागली तर चुरचुरणारी ही स्लरी म्हणजे धुण्याच्या पावडरीचा जीव. ती नेणाऱ्यांत बचत गटाच्या बायका असतात, छोटे धंदेवाले असतात आणि घरापुरती पावडर घरीच करणारे हौशीही असतात.

घरी डिटर्जंट करणाऱ्यांची दुसरी जमात या गल्लीत फिरकत नाही. ती काष्ठौषधींच्या दुकानातून रिठे आणते, लिंबा-मोसंब्यांच्या साली गूळपाण्यात घालून बरण्या भरून ठेवते आणि बाजारातल्या निळ्या पावडरीकडे संशयाने बघते. तिसरी जमात साबणाची वडी किसणीवर किसते, त्यात धुण्याचा सोडा आणि टाकणखार मिसळते आणि डबा भरून ठेवते. ही तिसरी कृती अमेरिकेत फार लोकप्रिय आहे आणि तिथूनच ती जगभर पसरली.

तिघंही आपल्या मालाला 'घरचं डिटर्जंट' म्हणतात. रसायनशास्त्राच्या हिशेबाने त्यातलं खरं डिटर्जंट फक्त पहिलं. तिसरं म्हणजे साबणच, आणि दुसरं या दोहोंच्याही आधीपासून माणसाला माहीत असलेलं झाडाचं फळ. कोणतं चांगलं यावर तावातावाने वाद होतात. त्यात एक गोष्ट क्वचितच विचारली जाते: तुमच्या नळाला पाणी कुठलं येतं? घरच्या कृतीचं यश-अपयश बऱ्याच अंशी तिथेच ठरून जातं.

कपड्यावरचा मळ म्हणजे धूळ, घाम आणि अंगाचं तेल. धूळ आणि घामातलं मीठ नुसत्या पाण्यानेही निघतं. तेलकट थर मात्र पाण्याला दाद देत नाही, आणि धूळ त्यालाच चिकटून बसते. शर्टाची कॉलर सगळ्यात हट्टी असते ती यामुळे. साबण काय किंवा डिटर्जंट काय, दोघांच्याही रेणूला दोन टोकं असतात. एकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. तेलाकडची टोकं मळाच्या कणात घुसतात, पाण्याकडची बाहेर राहतात, आणि असा चहूबाजूंनी वेढलेला कण कापडावरून सुटून पाण्यात तरंगू लागतो. मग तो विसळण्यात निघून जातो. फेस हा या सगळ्याचा साक्षीदार आहे, कर्ता नव्हे. फेस नसतानाही कपडे निघतात आणि भरपूर फेस असूनही मळ राहू शकतो. पण फेस आला नाही की धुणाऱ्याचं मन भरत नाही, त्यामुळे कारखानदार फेसाची काळजी घेतात आणि घरी करणारेही फेसावरूनच आपली कृती जोखतात.

आता पाणी. शाळेच्या विज्ञानात सगळ्यांनीच सुफेन आणि दुष्फेन पाणी वाचलेलं असतं आणि परीक्षेनंतर विसरलेलं असतं. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असले की साबण आधी त्यांच्याशी संयोग पावतो आणि पांढरट, चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारी चिकट रेघ ती हीच. जोवर क्षार शिल्लक आहेत तोवर साबण मळाला हातच लावत नाही. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पावसाचं पाणी येतं. त्यात साबण लगेच फेसाळतो. मराठवाड्यातल्या खोल बोअरच्या पाण्यात तीच वडी घासून घासून हात दुखतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात तर भूजल इतकं खारट की धुण्याची गोष्ट पुढची, पिण्याचीच पंचाईत.

साबण किती वाया जातो याचा हिशेब कागदावर मांडता येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुष्फेनतेची, म्हणजे कठीणपणाची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा बोअरचं पाणी मधलं, ३०० मिलिग्रॅमचं आहे. असं एक लिटर पाणी मळाला स्पर्श होण्याआधीच साधारण १.८ ग्रॅम साबण गिळतं. १५ लिटरच्या बादलीला २७ ग्रॅम. म्हणजे दीडशे ग्रॅमच्या वडीचा सहावा हिस्सा नुसता साका करण्यात गेला, आणि तो साका कपड्यातच अडकून राहिला. त्याच बादलीतले क्षार खाली बसवायला कोरडा धुण्याचा सोडा लागतो जेमतेम पाच ग्रॅम, एक लहान चमचा. सोडा कॅल्शियमला खडूच्या रूपात वेगळं काढतो आणि मग साबण मोकळा होतो. मॅग्नेशियमवर त्याची मात्रा तेवढी चालत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त घ्यावा लागतो.

या हिशेबातून निघणारी युक्ती साधी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. सोडा आधी पाण्यात विरघळवायचा, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग साबण टाकायचा. किसलेला साबण आणि सोडा एकत्र करून ठेवणाऱ्या कृतीत नेमका हा क्रमच हरवतो. दोघं एकदम पाण्यात पडतात आणि क्षारांवर दोघंही तुटून पडतात. पाणी कसं आहे हे बघायला प्रयोगशाळाही नको. पारदर्शक बाटलीत अर्धं पाणी घ्यावं, साबणाचे चार कण टाकून जोरात हलवावं. पाणी स्वच्छ राहून वर फेस टिकला तर सुफेन. पाणी दुधाळ झालं आणि फेस मरून गेला तर दुष्फेन.

धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांतला गोंधळ इथेच मिटवलेला बरा. खाण्याचा सोडा हा सौम्य असतो, मळापुढे तो फारसा टिकत नाही. तो कढईत कोरडा भाजला की त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे धुण्याचाच सोडा उरतो. खाण्याच्या सोड्यात व्हिनेगर ओतून जो फसफसाट होतो तो बघायला छान असतो. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं ते सोडियम ॲसिटेटचं जवळपास निरुपयोगी पाणी. समाजमाध्यमांवरच्या निम्म्या 'जादुई' कृती या फसफसाटावरच उभ्या आहेत.

सोड्याशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर उल्केच्या आघाताने झालेलं, आणि त्याचं पाणी इतकं क्षारयुक्त की उन्हाळ्यात ते आटलं की काठावर पांढरे थर जमायचे. स्थानिक लोक ते खरवडून काढत, पोत आणि प्रतीप्रमाणे वेगळे करत; त्यातल्या एका प्रकाराला 'दल्ला' म्हणत. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त या ठिकाणी काच आणि साबणासाठी लागणारा माल मिळतो अशी नोंद आहे. जिथे असा खनिज क्षार नव्हता तिथे लोक राखेकडे वळले. चुलीतली लाकडाची राख पाण्यात भिजवून वरची निवळ काढली की त्यात पोटॅशियमचा क्षार उतरतो. आसामात केळीच्या राखेचा असा खार कपड्यांना आणि स्वयंपाकालाही चालत आला आहे. परटाची भट्टी म्हणजे तरी काय, खाराच्या पाण्यात भिजवलेले कपडे रात्रभर वाफेवर ठेवणं. तेल आणि खार एकत्र तापवले की साबण होतो, हे कळायच्या आधीपासून खार एकटाच हे काम करत होता.

वडीचा साबण मात्र आपल्याकडे बाजारातून आला. १८८८मध्ये कोलकात्याच्या बंदरात लीव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाची खोकी उतरली. प्राण्यांच्या चरबीवरून इथल्या अनेकांच्या मनात किंतु होता. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण काढला तो हे ओळखूनच. १९३४मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तर अखाद्य तेलं आणि साबण हा स्वतंत्र उद्योगच मानला. कडुलिंब, करंज, मोह यांच्या बियांचं तेल खाण्याच्या कामाचं नाही, मग त्याचा साबण करावा, असा त्यामागचा सरळ विचार.

घरी तेलापासून साबण करणं अवघड नाही, पण हयगयीला जागा देणारंही नाही. एक किलो खोबरेल तेलाला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. घरी करणारी जाणती माणसं थोडा कमी, १७५ ग्रॅमच्या आसपास घेतात, म्हणजे वडीत मोकळं कॉस्टिक उरत नाही. शेंगदाणा तेलाला हेच प्रमाण १३६ ग्रॅमवर येतं. तेल बदललं की हिशेब बदलतो, आणि मुठीच्या अंदाजाने टाकलेलं कॉस्टिक हात सोलून काढतं. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. पाणी बघता बघता उकळीच्या जवळ तापतं. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लॅस्टिकचं हवं. ॲल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिक खाऊन टाकतं आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडतं. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे आणि आसपास लहान मूल नको. वड्या पडल्यावर महिनाभर वाळू द्याव्यात.

एवढी मेहनत करायची तर खोबरेल तेलावरच करावी, असं जाणकार का म्हणतात याला कारण आहे. खोबरेलाचा साबण कठीण पाण्यातच काय, समुद्राच्या पाण्यातही फेस देतो. खलाशांसाठीचा साबण म्हणून तो ओळखला जायचा. कोकण-गोव्यात जिथे नारळ घरचा आहे तिथे ही वडी परवडतेही. शहरात, डब्यातलं खाद्य खोबरेल आणून, ती बाजारातल्या वडीपेक्षा स्वस्त पडणं कठीण. तळणीचं उरलेलं तेल वापरलं तर गणित बदलतं. मात्र ते आधी गाळून घ्यावं लागतं आणि भज्यांचा वास वडीतून पूर्ण जात नाही.

किसलेल्या साबणाची अमेरिकी कृती याहून सोपी: एक वडी किसून, एक वाटी धुण्याचा सोडा, एक वाटी टाकणखार. पहिल्या काही धुण्यांत ती उत्तम वाटते. त्यात नवल नाही, कारण पाणी, सोडा आणि रगडणं हे तिघं मिळूनच बराच मळ काढतात. तक्रारी नंतर सुरू होतात. पांढरे कपडे राखाडी पडतात, टॉवेल पाणी टिपेनासे होतात, काळ्या पँटवर पांढुरके डाग उठतात. साका धाग्याधाग्यात साठत गेलेला असतो. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनमध्ये पाणी मुळातच कमी असतं, त्यामुळे तो रबराच्या कडेला आणि ड्रमच्या मागेही जमतो. मुंबईच्या तलावाच्या पाण्यावर हीच कृती बरीच वर्षं निभावून जाईल. लातूरच्या बोअरवर ती हंगामभरही टिकणार नाही. टाकणखाराबद्दल आणखी एक सांगायला हवं. युरोपीय संघाने बोरॅक्सला, म्हणजे टाकणखारालाच, प्रजननाला अपायकारक ठरू शकणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. 'नैसर्गिक खनिज' म्हणून तो उघड्या हाताने ढवळण्याचं कारण नाही.

आता रिठा. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याच्याही रेणूला ती दोन टोकं असतातच. फरक असा की कॅल्शियमशी त्याचं वैर नाही, त्यामुळे कठीण पाण्यातही साका होत नाही. शिवाय ते साबणासारखं अल्कधर्मी नसतं. रेशीम आणि लोकर हे दोन्ही प्रथिनांचे धागे. सोडा त्यांना हळूहळू खातो, रिठा खात नाही. आजीच्या पिढीने रेशमी लुगडी, शाली आणि स्वेटर रिठ्याच्या पाण्यात काढले ते या अनुभवावर. सोनाराच्या पेढीवर दागिने उजळायला रिठ्याचं पाणी आजही असतं.

करण्याची रीत फार नाजूक नाही. दहा-बारा रिठे फोडून आतली काळी बी टाकून द्यावी; फेस सालीत असतो, बीत नाही. साली रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून सकाळी पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर उकळाव्यात. कोमट झाल्यावर हाताने कुस्करून फडक्यातून गाळावं. हा काढा उघड्यावर दोन-तीन दिवसांत आंबतो. फ्रीजमध्ये थोडा जास्त टिकतो, किंवा बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवता येतो. डोळ्यात गेला तर भयंकर झोंबतो, तेव्हा उकळताना वाकून बघू नये.

रिठ्याच्या मर्यादाही भक्तांनी ऐकाव्यात. काढा तपकिरी असल्याने पांढऱ्या सुती कपड्यांवर हलकी पिवळसर झाक येत जाते. गॅरेजमधलं ग्रीस, हळदीचा डाग, पोरांच्या गणवेशावरचा चिखल यांच्यापुढे तो हात टेकतो. आणि झाडाचं म्हणून निरुपद्रवी असंही नाही. सॅपोनिन माशांना विषारी असतं. अशा फळांचा-मुळांचा लगदा डोहात टाकून मासे गुंगवण्याची पद्धत अनेक आदिवासी भागांत होती. त्याचं विघटन मात्र लवकर होतं, आणि मोरीतून जाणारं घरगुती प्रमाण फार लहान असतं.

सालींच्या 'बायो-एन्झाइम'चं प्रस्थ अलीकडचं. गूळ एक भाग, फळांच्या साली तीन भाग, पाणी दहा भाग, मुदत तीन महिने. पहिल्या महिन्यात झाकण रोज सैल करावं लागतं, नाहीतर आत साठलेल्या वायूने बाटली फुटते. तयार होतो तो आंबट द्राव, मुख्यतः सेंद्रिय आम्लांचा. फरशी, सिंक, नळावरचे पांढरे डाग यांवर तो चांगला चालतो. कपड्यांचा तेलकट मळ काढणारं त्यात विशेष काही नाही, म्हणून अनुभवी मंडळी त्यात रिठा घालतात आणि धुण्याचं काम खरं तर रिठाच करतो. त्यातच सोडा घालणं म्हणजे पुन्हा तो मघाचा फसफसाट. नावातल्या एन्झाइमवरून गैरसमज होऊ नये. बाजारच्या पावडरीतली एन्झाइमं वेगळी असतात. प्रथिनं तोडणारी, स्टार्च तोडणारी, तेल तोडणारी अशी ती खास जिवाणूंकडून आणि बुरशीकडून करवून घेतलेली असतात. जर्मनीत ओटो र्‍योम याने १९१३मध्ये प्राण्यांच्या स्वादुपिंडातल्या एन्झाइमचा धुण्यासाठी वापर करण्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ही विद्या वाढत आली आहे. ती बरणीत जमत नाही.

राहिली पहिली जमात, स्लरीवाली. घरी केलेल्या डिटर्जंटची या देशातली सगळ्यात मोठी गोष्ट तिचीच आहे. गुजरात सरकारच्या भूगर्भ आणि खनिज खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करणारे करसनभाई पटेल १९६९मध्ये अहमदाबादेत घराच्या अंगणात पावडर मिसळू लागले आणि सायकलवरून दारोदार विकू लागले. मुलीच्या, निरुपमाच्या, नावावरून पावडरीला नाव दिलं निरमा. तेव्हा बाजारात १९५९पासून असलेल्या सर्फचा दबदबा होता. सर्फ किलोला १३ रुपयांच्या आसपास, निरमा ३ ते ३.५० रुपये.

एवढा फरक कसा पडला हे समजून घेण्यासारखं आहे, कारण आजही घरी पावडर करणारे तीच पद्धत वापरतात. मोठ्या कंपन्या सगळे घटक पाण्यात कालवून उंच मनोऱ्यात गरम हवेत त्यांचा फवारा उडवत. हलके, पोकळ दाणे खाली पडत. त्याला यंत्रं आणि इंधन दोन्ही अफाट. करसनभाईंनी पाणी आणि मनोरा दोन्ही वगळले. सोडा ॲशच्या ढिगावर स्लरी बारीक धारेने सोडायची आणि फावड्याने, हाताने घोळत राहायचं. स्लरी आम्ल, सोडा अल्कली. दोघांची गाठ पडली की डिटर्जंट तयार होतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि मिश्रण आपोआप फुलून येतं. वाळवण्याचा खर्च नाही. वीज न वापरता हाताने केलेला माल म्हणून अबकारी करातही सवलत मिळाली. सुगंध, चमक आणणारी द्रव्यं, महागडी खोकी यांना फाटा होता. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत निरमा देशात सर्वाधिक खपणारी पावडर झाली होती. ललिताजींची गाजलेली जाहिरात सर्फने काढली ती या स्वस्त स्पर्धकाला उत्तर म्हणून, आणि पुढे त्याच कंपनीला व्हील नावाची स्वस्त पावडरही बाजारात आणावी लागली.

या पद्धतीतली गोम सोड्याच्या प्रमाणात आहे. १०० ग्रॅम स्लरी शांत करायला पंधरा-सोळा ग्रॅम सोडा पुरतो. पावडरीत तो त्याच्या कितीतरी पट असतो. काही पाणी मऊ करायला लागतो, काही तेलकट मळावर काम करतो, आणि उरलेला वजन भरायला, कारण तो स्लरीहून स्वस्त असतो. स्वस्त पावडरीने हात का सोलवटतात आणि सुती कपडा खरखरीत का होतो त्याचं उत्तर या जास्तीच्या सोड्यात आहे. स्वतःसाठी करणाऱ्याला हात आखडता घेता येतो, ही घरच्या पावडरीची खरी चैन. सुफेन पाणी असेल तर सोडा निम्म्यावर आणावा, कठीण पाणी असेल तर राहू द्यावा. थोडं सिलिकेट घातलं तर मशीनचा धातू गंजत नाही आणि पावडर मोकळी राहते. वास आणि रंगीत दाणे शेवटी, मिश्रण थंड झाल्यावर घालायचे. त्या दाण्यांनी मळाचं काहीही वाकडं होत नाही. ते फक्त दिसायला. रात्रभर पसरून, सकाळी चाळून, हवाबंद डब्यात. पावसाळ्यात उघडी राहिली तर पावडरीचे दगड होतात. स्लरी जोरकस आम्ल आहे आणि सोड्याची धूळ घशात जाते, तेव्हा मोजे आणि नाकाला फडकं हवंच. दुकानातून शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत स्लरी आणण्याची सवय तर फारच वाईट.

एवढं करूनही पहिल्यांदा घरची पावडर वापरणारी गृहिणी म्हणते, पांढरा रंग येत नाही. तिचं खोटं नसतं. बाजारच्या पावडरीत चमक आणणारं एक द्रव्य असतं, बाजारात त्याला टिनोपॉल या जुन्या नावानेच ओळखतात. ते धाग्यावर बसतं, उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषतं आणि निळसर उजेड बाहेर टाकतं. मळ तेवढाच निघालेला असतो, डोळ्याला कपडा शुभ्र दिसतो. त्याचा जुना भाऊ म्हणजे नीळ. पिवळटपणाला निळ्या झाकेने दडपणं एवढंच तिचं काम. इथेही घरगुती प्रयोगाची एक कथा आहे. मुंबईत हिशेबनीस म्हणून काम केलेल्या केरळच्या एम. पी. रामचंद्रन यांनी जांभळ्या रंगद्रव्याने कापड अधिक शुभ्र दिसतं असं एका मासिकात वाचलं आणि घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग चालू केले. १९८३मध्ये भावाकडून ५,००० रुपये घेऊन त्यांनी त्रिशूरला उत्पादन सुरू केलं. चार थेंबांची ती 'उजाला'.

मोरीतलं पाणी पुढे कुठे जातं हा प्रश्न उरतो. आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे डोंगर तरंगतात. कारखान्यांचं आणि घरांचं सांडपाणी त्यात मिसळलेलं असतं. बाजारच्या पावडरींत कठीण पाण्यावर उपाय म्हणून घातलं जाणारं फॉस्फेट तळ्यांना आणखी वेगळा त्रास देतं. ते शेवाळाचं खत ठरतं, शेवाळ माजतं, कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू संपवतं. घरच्या तिन्ही कृतींत फॉस्फेट नसतं, ही त्यांची निर्विवाद जमेची बाजू.

या मुद्द्यावर जपानमधल्या शिगा प्रांतातल्या बायकांनी एक अख्खी चळवळ उभी केली होती. बिवा हे जपानचं सगळ्यात मोठं सरोवर. १९७७च्या मे महिन्यात त्याचं पाणी लालसर झालं. सूक्ष्म जीव बेसुमार वाढले होते आणि घरातलं फॉस्फेटचं डिटर्जंट त्याला हातभार लावत होतं. गृहिणींच्या संघटनांनी डिटर्जंट सोडून साबणाची पावडर वापरायला सुरुवात केली, घराघरातून तळणीचं तेल गोळा करून त्याचा साबण करवून घेतला. प्रांताने १९७९मध्ये कायदा केला आणि जुलै १९८०पासून फॉस्फेटयुक्त डिटर्जंटच्या विक्रीवर, वापरावर बंदी आली. साबण वापरणाऱ्या घरांचं प्रमाण तेव्हा चांगलंच वाढलं होतं. मग कंपन्यांनी फॉस्फेट वगळलेली डिटर्जंटं आणली. ती कायद्यात बसत होती, थंड पाण्यात विरघळत होती, साका करत नव्हती. बायका हळूहळू तिकडे वळल्या. साबणाची मागणी घटली आणि गोळा केलेलं तेल पडून राहू लागलं. शेवटी त्या प्रांतातल्या आयतो गावाने त्याच तेलाचं बायोडिझेल करायला घेतलं, आणि १९९८मध्ये पडीक भातखाचरांत मोहरीच्या जातीचं पीक लावलं. त्या पिकाचं तेल आधी स्वयंपाकाला, मग गाड्यांना.